एनम क्लास आणि सातचा आकडा

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका चादर-टॉवेलच्या कारखान्याचे सॉफ्टवेअर मी सांभाळतो. ते सी प्लस प्लस या प्रोग्रॅमिंग भाषेत असून त्यातला बराचसा कोड २०११ पूर्वीचा, म्हणजे भाषेत ‘एनम क्लास’ येण्याआधीचा आहे. एनम म्हणजे आकड्यांना नावे देणारी यादी, आणि एनम क्लास हा तिचा कडक प्रकार; त्यातले मूल्य आपोआप आकड्यात बदलत नाही. साध्या एनमचे मूल्य मात्र कंपायलर, म्हणजे कोड तपासून यंत्राच्या भाषेत नेणारा प्रोग्रॅम, परस्पर इंटमध्ये (साध्या पूर्णांकात) बदलून देतो. इथे तर मालाचा प्रकार आणि कामाचा टप्पा ही दोन्ही फील्ड इंट म्हणूनच ठेवलेली होती. मालात चादर ०, टॉवेल १, नॅपकिन २. टप्प्यात रंगाई ०, विणकाम १, शिलाई २. मजुरी काढणाऱ्या फंक्शनमध्ये मालाऐवजी टप्पाच ‘टॉवेल’शी ताडून पाहिला होता. दोन्हीकडे १ असल्यामुळे मागावरच्या चादरींनाही टॉवेलचा दर लागत होता आणि कंपायलरने चकार शब्द काढला नव्हता. इथे मजुरी नगावर मिळते, त्यामुळे ही चूक थेट विणकराच्या पगारात उतरत होती. ते कळल्यावर मला स्वस्थ बसवेना.

मी आधी टप्प्याचा एनम क्लास केला, फील्डचा प्रकारही बदलला आणि बिल्ड लावला, म्हणजे सगळा कोड पुन्हा कंपायलरमधून काढला. टप्पा आता आकड्याशी परस्पर ताडता येत नसल्याने एररची रांग लागली. अशा वेळी जागोजागी स्टॅटिक कास्ट (मूल्याचा प्रकार बदलण्याची उघड आज्ञा) टाकून कंपायलरला गप्प करण्याचा मोह होतो. पण तसे केले, तर जी चूक शोधायला निघालो तिच्यावरच पांघरूण पडते. म्हणून प्रत्येक ओळीपाशी थांबून, इथे नेमके काय अपेक्षित होते, हे पाहिले. प्रत्येक टप्प्यासाठी वेगळी वाट देणाऱ्या स्विचमधले ‘डिफॉल्ट’, म्हणजे उरलेल्या सगळ्यांसाठीची वाट, हेही काढले, कारण ते असले की नवा टप्पा हाताळायचा राहिला तरी नेहमीची वॉर्निंग येत नाही.

डेटाबेसमध्ये मात्र आकडेच असतात, आणि कास्ट केल्यास एनम क्लासमध्येही यादीबाहेरचा आकडा बिनबोभाट शिरतो. म्हणून आकड्यापासून टप्पा बनवण्याचे काम एकाच फंक्शनकडे दिले आणि अनोळखी आकडा आला की नोंद तिथेच अडवली. पहिल्याच दिवशी ७ असलेल्या जुन्या नोंदी अडकल्या. कोडमध्ये ७ कुठेच नव्हता. हिशेब पाहणाऱ्या काकांना विचारले, तेव्हा ते म्हणाले, “अहो, तो परत आलेला माल. पूर्वी आम्ही हातानंच सात टाकायचो.” त्या आकड्याला आता ‘परतावा’ असे नाव मिळाले आहे. मालाच्या प्रकाराचे काम पुढच्या आठवड्यात हाती घेणार आहे. त्याआधी तिथेही हाताने टाकलेले असे आकडे आहेत का, ते काकांसोबत बसून पाहायचे ठरले आहे.