कंबरलँड ते जॉर्जटाऊन: खेचरांच्या वाटेवरून सायकलने

चेसापीक अँड ओहायो कालव्याची वाट सपाट आहे, असं ज्याला विचाराल तो सांगतो. खरंही आहे ते. मेरिलँडमधल्या कंबरलँडपासून वॉशिंग्टनच्या जॉर्जटाऊनपर्यंत जवळपास २९७ किलोमीटर, आणि उतार अवघा ६०५ फुटांचा. त्यासाठीच मी कंबरलँडहून निघालो, पण पायांना तो उतार कळलाच नाही. लॉकपाशी, म्हणजे पाणी भरून-सोडून नावा वरखाली करणाऱ्या दारांच्या हौदापाशी, वाट आठेक फूट खाली जाते, तेवढाच काय तो आराम; बाकी पायडल मारत राहायचं. सपाट वाट दमवते ती अशी.

या वाटेवरून खेचरं कोळशाच्या नावा ओढत न्यायची. पावसानंतर तिचा चिखल होतो, त्यामुळे बारीक टायरची सायकल इथे आणू नये. हॅन्कॉकच्या आसपास शेजारून वेस्टर्न मेरिलँड रेल ट्रेल जातो, म्हणजे जुन्या रेल्वेमार्गावर केलेली वाट. तो डांबरी आहे. कालव्याशी इमान वगैरे बाजूला ठेवून मी सरळ त्यावर चढलो.

पण त्याच्या बरंच आधी पॉ पॉ बोगदा लागतो. ३,११८ फूट लांब, विटांनी बांधलेला, आत मिट्ट काळोख. टॉर्च हवाच आणि सायकल हातात धरून चालायचं. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला कठडा, त्यापलीकडे पाणी. १८३६ ला सुरू झालेलं हे काम १८५० मध्ये संपलं. मधली काही वर्षं पैशांअभावी ते बंदच होतं. बोगद्यातून बाहेर पडून थोडं पुढे गेलं की लॉकचे आकडे वेडेवाकडे होतात: ६६, मग ६४⅔, मग ६३⅓. खर्च वाचवायला ६५ नंबरचा लॉक बांधलाच नाही आणि पुढचे आकडे बिघडू नयेत म्हणून ही तडजोड! हिशेबनीसाचं डोकं मानलं पाहिजे.

बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेचा आणि या कालव्याचा मुहूर्त एकाच दिवशी झाला, ४ जुलै १८२८ ला. रेल्वे १८४२ मध्येच कंबरलँडला पोहोचली. कालवा आठ वर्षं मागे राहिला, तरी १९२४ च्या पुरापर्यंत चालला. नंतर इथे मोटाररस्ता करायचं घाटत होतं. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी रस्त्याची बाजू घेणाऱ्या वृत्तपत्राच्या संपादकांना आव्हान दिलं, माझ्याबरोबर चालून बघा. ते चालले. १९७१ मध्ये कालवा राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झाला.

मुक्कामाची चिंता करू नका. वाटेत तंबू टाकायला ठरलेल्या जागा आहेत, फुकट. आधी येईल त्याची जागा, एका जागी एकच रात्र. टेबल, चूल, शौचालय आणि हातपंप असतो. मात्र काही पंपांचे दांडेच काढलेले असतात आणि हिवाळ्यात पाणी बंद असतं, तेव्हा जवळ फिल्टर असू द्या. दोऱ्या नि बांबूंशी झटापट करायची नसेल, तर काही जुनी लॉकघरं (लॉक सांभाळणाऱ्यांची घरं) रात्रीपुरती भाड्याने मिळतात. ती मात्र आधी बुक करावी लागतात.

ग्रेट फॉल्सच्या धबधब्यापासून गर्दी सुरू झाली. सायकलला घंटी हवी हा इथला नियम मला आधी उगाचच वाटला होता. जॉर्जटाऊन येईपर्यंत अंगठा त्या घंटीवरच होता.