मोनोवी: लोकसंख्या १, चिखलाचे ३५० डॉलर

आधीच सांगतो. मोनोवीला सोमवारी जाऊ नका, पाऊस पडून गेल्यावर जाऊ नका, आणि हायवे १२ सोडून फोन दाखवेल त्या रस्त्याला अजिबात लागू नका. मी हे तिन्ही एकाच दिवशी केलं.

गाव अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्याच्या उत्तर टोकाला, बॉइड काउंटीत. आम्ही ओमाहाहून निघून ओनीलला मुक्काम केला. सकाळी हायवे २८१ ने स्पेन्सर, तिथून १२ नंबरने पूर्वेला ब्रिस्टो, लिंच, मोनोवी. रस्ता इतका सरळ आहे. पण फोन म्हणाला आठ मिनिटं वाचतील, आणि मी वळलो.

तिकडे मैला-मैलावर पट्टीने आखल्यासारखे शेतरस्ते आहेत. पहिले दोन मैल खडी होती. मग ‘मिनिमम मेंटेनन्स रोड’ अशी पाटी आली. मी वाचली, बायकोनेही वाचली. ‘असतील जरा खड्डे,’ म्हणून पुढे गेलो. त्या पाटीचा अर्थ असा की इथे देखभाल नावापुरती, पुढे गेलात तर तुमचं तुम्ही बघा. ओली झाली की जास्तच चिकटणाऱ्या तिथल्या चिकण मातीला ‘गंबो’ म्हणतात. मी लातूरकडचा, काळ्या रानात वाढलेला. मला कोण चिखल शिकवणार, असा माज होता. आपली काळी माती चपलेला चिकटते. ही चाकाच्या वरच्या कमानीत भरते आणि चाकच धरून ठेवते. उतारावर ब्रेक दाबलेला असताना गाडी घसरत जाऊन चरात बसली. ऑल व्हील ड्राइव्ह होती. काही उपयोग नाही.

गाडी ओढून काढणारा टोवाला अडीच तासांनी आला. फोनवर दीडशे म्हणाला होता. गाडी वर आल्यावर साडेतीनशे, तेही रोख. का, तर चिखलाचे वेगळे. चिखल काय मी घरून आणला होता? खिशात दोनशे होते, उरलेल्यांसाठी एटीएमपर्यंत माझ्या मागे आला. भाव आधी मेसेजवर लिहून घ्या. आणि विम्यात कच्चा रस्ता बसतो का ते निघण्यापूर्वी बघा. माझ्या बसत नव्हता.

दुपारी तीनला पोचलो. हिरवी पाटी: मोनोवी १. गावातली टॅव्हर्न, म्हणजे दारू-जेवणाचं ठिकाण, बंद. सोमवारी बंदच असते, चूक माझी. १९३० च्या दशकात इथे दीडशे माणसं होती. पोस्ट १९६७ मध्ये गेलं, शाळा १९७४ मध्ये. २००० साली उरले एल्सी आयलर आणि त्यांचे यजमान रूडी; २००४ मध्ये रूडीही वारले. तेव्हापासून महापौर, क्लार्क, खजिनदार सगळं एल्सीबाईच. टॅव्हर्नही त्यांचीच, म्हणून तिचा दारूचा परवाना स्वतःच स्वतःला द्यायचा, करही स्वतःकडूनच घ्यायचा. रूडींची सुमारे ५,००० पुस्तकं एका छोट्या खोलीत ग्रंथालय म्हणून मांडली आहेत.

गंमत म्हणजे २०२० च्या जनगणनेने इथे दोन माणसं दाखवली. राहायला कुणी आलं नव्हतं. माणूस ओळखू येऊ नये म्हणून जनगणनावाले छोट्या गावांच्या आकड्यांत मुद्दाम थोडी गडबड करतात. एकट्या बाईच्या गावात काय लपवणार, देव जाणे.

पंधरा मिनिटांत गाव पाहून होतं. मोडक्या घरांत शिरू नका, फळ्या कुजल्यात आणि खिळे वर आलेत. टॅव्हर्न उघडी असेल तर जरूर जा. बंद असेल तर एका पाटीसाठी इतकी गाडी हाकण्यात अर्थ नाही. पुढचे दोन दिवस नायोब्रारा स्टेट पार्कला छान गेले, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

एक राहिलं. गाडी लगेच धुतली, तरी दुसऱ्या दिवशी ताशी साठ मैलांच्या वर स्टिअरिंग थरथरायला लागलं. रिमच्या आतल्या बाजूला माती वाळून दगड झाली होती. ती पाण्याने निघत नाही, स्क्रू ड्रायव्हर न्या.