माळ्यावरची काजळी

इंग्लंडमधल्या केंट परगण्यातल्या एका फार्महाऊसच्या मालकीणबाईंची तक्रार साधी होती: जेवणाच्या खोलीत ओल येते. जुन्या इमारतींची पाहणी करणं हेच माझं काम. समोरून घर अठराव्या शतकातलं वाटत होतं. खाली विटा, वरच्या भिंतीवर टांगलेली लाल कौलं. छप्पर मात्र घराच्या मानाने फारच मोठं, चारी बाजूंनी उतरतं. तिथेच शंका आली.

ओल बाजूला ठेवून आधी माळ्यावर चढलो. टॉर्च मारला तर मधल्या दोन खणांतले वासे काळेकुट्ट. दोन्ही टोकांचे मात्र साधे तपकिरी. बोट फिरवलं, काजळी लागली. आडव्या तुळईवर मधोमध एक नक्षीदार खांब उभा, ज्याला इथे क्राउन पोस्ट म्हणतात. म्हणजे हे मुळात पंधराव्या शतकाच्या आसपासचं, 'वील्डन' धाटणीचं घर. मधला हॉल थेट छपरापर्यंत मोकळा, जमिनीवर मध्यभागी चूल, धुराडं नाहीच. धूर वाशांमधून, कौलांच्या फटींतून वाट काढायचा. सोळाव्या शतकात विटांची धुराडी आली, तेव्हा कुणीतरी हॉलमध्ये मजला घातला आणि काजळी वर कोंडली गेली.

बाई शिडीवरून डोकावून म्हणाल्या, "हे लाकूड जुन्या जहाजाचं आहे ना? त्या रिकाम्या खाचा बघा." केंटमध्ये निम्म्या घरांबद्दल हेच सांगतात. खरं तर त्या खाचांत एके काळी याच घराचे तिरके टेकू बसलेले होते. ओक ओला असतानाच तासायचा, सांगाडा सुताराच्या अंगणात आडवा जुळवायचा, मग सुटा करून जागेवर उभा करायचा. जोड चुकू नयेत म्हणून दोन्ही तुकड्यांवर एकच खूण. एका टेकूवर पटाशीने कोरलेल्या चार उभ्या रेघा होत्या, शेजारच्या खांबावरही चारच. बाईंनी त्यावरून अंगठा फिरवला आणि जहाजाचा विषय संपला.

पण तुळया सँडब्लास्ट करून, म्हणजे वाळूच्या जोरदार माऱ्याने घासून, उजळ करायचा बेत त्यांच्या डोक्यात होता. मी साफ नको म्हटलं. इथे उघडी चूल होती याचा पुरावाच ती काजळी आहे.

ओलीचं कारण खाली सापडलं. कुडाच्या भिंतीवर बाहेरून कधीतरी सिमेंटचा गिलावा चढवला होता. चुन्यातून ओल सुकते, सिमेंटमागे ती अडकते. तळाच्या ओकच्या तुळईत स्क्रूड्रायव्हर लोण्यात जावा तसा गेला.

"मग मजलाच काढून हॉल पुन्हा मोकळा करू या?" बाई उत्साहात. इंग्रज कवी आणि डिझायनर विल्यम मॉरिसने 1877 मध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली, ती असल्याच हौशी जीर्णोद्धारांना वैतागून. तो मजलाही चारशे वर्षांचा आहे, आणि घर संरक्षित यादीत असल्याने परवानगी मिळणं कठीण, असं सांगितल्यावर त्यांचा चेहरा पडला. सिमेंट काढून चुना लावायला मात्र त्या लगेच तयार झाल्या.