आमची वाटचाल : खिडक्यांच्या ग्रिलपासून खुराड्यांपर्यंत

चिपळूणला वर्कशॉप आहे म्हटलं की लोक पहिलं २०२१ च्या पुराचं विचारतात. पाणी आलं, मशिनं भिजली, चिखल उपसला, विषय संपला. आम्ही खरे बुडत होतो ते जाळीपायी. त्याबद्दल कोणी विचारत नाही, म्हणून मीच लिहितो.

सुरुवात ग्रिल आणि गेटांची. मी, माझा मेहुणा, एक वेल्डिंग मशीन, एक ग्राइंडर आणि सासऱ्यांचा जुना गुण्या, म्हणजे काटकोन बघायची पट्टी. तो गुण्या अजून भिंतीला टांगलेला आहे, नव्या पोरांना मी हात लावू देत नाही. खुराड्यांचं डोक्यात घातलं ते गुहागरकडच्या एका काकींनी. गेटचं माप घ्यायला गेलो, तर त्या मला थेट परसात घेऊन गेल्या. चिऱ्याचं खुराडं, दाराला फळी, फळीला धोंडा. म्हणाल्या, "दिवसा मुंगूस, रात्री बाऊल नाहीतर कांडेचोर, वर घार. डालग्याखाली किती झाकून ठेवू? तुझ्या त्या लोखंडाचं कायतरी कर." बाऊल म्हणजे रानमांजर, कांडेचोर म्हणजे उदमांजर.

केलं. स्क्वेअर पाइपची चौकट, दोन फुटी पाय, प्रत्येक पायाला उलट्या नरसाळ्यासारखी पत्र्याची टोपी, चारी बाजूंनी अर्धा इंची वेल्डमेश (जोडतारेची लोखंडी जाळी), दाराला दोन कड्या. एकच कडी असली तर कुत्रं नाकाने उडवतं. काकींचं ते पहिलं खुराडं आजही उभं आहे. पुढे गिरिराज-वनराजाची पिल्लं पाळणारे वाढले, खुराडी खपत गेली. त्या वर्षांत सांगण्यासारखं काही नाही.

मग बाजारातल्या एका दुकानदाराने तयार पिंजरे आणले. हिरवा रंग, खाली चाकं आणि जाळी एक इंची. आमच्यापेक्षा साडेचारशे रुपयांनी स्वस्त. गिऱ्हाईक रंग बघतं, भोक मोजत नाही. त्याच सुमाराला एका बचत गटाची साठ खुराड्यांची ऑर्डर आली, पण भाव त्या दुकानाचाच हवा. मेहुणा म्हणाला, "भावोजी, एक इंची लावू, कोण बघतंय?" सगळा दोष त्याच्यावर ढकलायला मला आवडलं असतं. पण हो म्हणालो तो मीच.

काकी त्याच गटातल्या. त्यांनी पिल्लांसाठी दुसरं खुराडं घेतलं, माझ्यावर विश्वास ठेवून. पावसाळ्यात एका सकाळी सहाला त्यांचा फोन आला, "अरे, तुझ्या खुराड्यात जनावर अडकलंय. ये आधी."

दोन हात लांबीचा नाग. आत शिरताना दोरीसारखा गेला असणार. आत दोन पिल्लं गिळली आणि बाहेर निघताना पोटाच्या फुगवट्यापाशी जाळीत रुतला. अर्धा आत, अर्धा बाहेर. पिल्लांची कोंबडी कोपऱ्यात पंख फुलवून ओरडत होती. सर्पमित्राने मान धरली, तारा कापायचं काम माझ्याकडे. कातडीला लागू नये म्हणून तो प्रत्येक तारेखाली आइस्क्रीमची काडी सरकवायचा, मग मी पकडीने तार तोडायचो. नऊ तारा तोडल्या. काकी तुळशीपाशी बसून होत्या, मला एक शब्द बोलल्या नाहीत. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

वाडीतल्या पोराने फोटो काढला. नाग, जाळी आणि वर आमचा स्टिकर, फोन नंबरासकट. दुपारपर्यंत तो सगळ्या ग्रुपवर फिरला. तो दुकानदार पुढे कित्येक महिने गिऱ्हाइकाला मोबाइलवर तोच फोटो दाखवायचा. त्याच्या स्वतःच्या पिंजऱ्याची जाळी तेवढीच होती, हे सांगायचा नाही.

साठच्या साठ खुराड्यांची जाळी आम्ही घरोघरी जाऊन बदलली. त्यासाठी दुसरं वेल्डिंग मशीन विकलं. मेहुणा मुंबईला नोकरीला गेला. गणपतीला येतो, धंद्याचा विषय आम्ही दोघंही काढत नाही. पुढची सहा खुराडी काकींनीच आपल्या नात्यागोत्यात विकून दिली. का, ते मी विचारलं नाही.

आता कोणी विचारो न विचारो, सांगतो. जिथून तुमचा अंगठा आरपार जातो तिथून साप जातो. दाराखालची फट मोजा, सगळे जाळीच बघत बसतात. कणी-भरड्याचा डबा झाकणाचा घ्या. दाणा सांडला की उंदीर येतो आणि उंदरामागे धामण. अंडी दिवेलागणीच्या आत उचला. रॉकेल, फिनेल, लसूण यांवर पैसे घालवू नका. नायलॉनची जाळी तर लावूच नका, त्यात साप गुरफटून मरतो. आणि काठी उचलू नका, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने साप मारणं गुन्हा आहे. वनखात्याचा १९२६ नंबर आहे, तो फिरवा.

मागच्या महिन्यात एकाने फोन केला. "साप अडकला तो पिंजरा तुमचाच ना? एक इंचीत कितीला पडेल?" मी त्याला त्याच दुकानाचा पत्ता दिला. रात्री जेवताना वाईट वाटलं, त्याची पिल्लं डोळ्यांपुढे आली. परत फोन लावला. त्याने उचलला नाही.