आत्म्यांची परीक्षा करायला मी कसा शिकलो

आमचे गाव यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा तालुक्यात आहे आणि गावात ख्रिस्ती घरे अवघी अकरा आहेत. आजोबांच्या काळापासून आम्ही विश्वासात आहोत. युनियन बिब्लिकल सेमिनरी ही ख्रिस्ती धर्मशिक्षणाची संस्था 1953 पासून 1983 पर्यंत यवतमाळला होती. ती पुण्याला जाण्यापूर्वी तिथले विद्यार्थी आमच्या भागातल्या खेड्यांत संदेश द्यायला येत, असे वडील सांगत. अशा घरात वाढल्यामुळे करणी, भानामती, उतारा, अंगात येणे हे सगळे इतरांच्या घरचे विषय आहेत, आपण त्यांतून केव्हाच सुटलो आहोत, अशी माझी पक्की समजूत होती. 2013 साली जादूटोणाविरोधी कायदा झाला, तेव्हाही तो दुसऱ्यांसाठी झाला असेच मला वाटले. घातक आध्यात्मिक प्रभाव बायबल हातात घेऊन, आमचीच भजने गात, माझ्याच ओसरीवर येऊन बसू शकतो, ही गोष्ट मला कोणी सांगितली असती तर मी ऐकून घेतली नसती.

2017 च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने आमची पऱ्हाटी खाल्ली. बोंडे वरून चांगली दिसत आणि फोडली की आत किडकी निघत. सोसायटीचे कर्ज डोक्यावर होते, आणि धाकट्या मुलाला आठव्या वर्षापासून फिट येत असल्यामुळे त्याच्या औषधाची काळजी वेगळीच. सोडियम व्हॅल्प्रोएटच्या गोळीने त्याचे झटके दीड वर्षापासून थांबले होते. आमच्या मंडळीला, म्हणजे गावच्या चर्चला, स्वतःचा पाळक नाही. पाळकसाहेब तालुक्याहून पंधरा दिवसांतून एकदा येतात. मधल्या दिवसांत माणूस एकटा पडतो, आणि त्या वर्षी मी फार एकटा पडलो होतो.

दिवाळीनंतर बाहेरगावचा एक सेवक, म्हणजे प्रचारक, गावात येऊ लागला. दर शुक्रवारी संध्याकाळी एका घरी प्रार्थना सभा होई. सुरुवातीला जे मिळाले ते चांगलेच होते, हे मी प्रामाणिकपणे लिहितो. कोणीतरी माझे नाव घेऊन प्रार्थना करत होते, माझ्या कर्जासाठी रडत होते. तिसऱ्या की चौथ्या शुक्रवारी त्याने माझ्या वारलेल्या आईविषयी एक गोष्ट सांगितली, जी घराबाहेर फारशी कोणाला ठाऊक नव्हती. माझ्या अंगावर काटा आला. हा देवाचा माणूस आहे, हे माझ्यापुरते तिथेच ठरले आणि पुढचे काहीही तपासण्याची मला गरज वाटेनाशी झाली. आज मागे पाहताना मला माझी पहिली चूक तिथे दिसते.

पुढे एकेक गोष्ट इतकी हळूहळू आली, की तिचा चढ पायाला जाणवला नाही. आमच्या घराण्यावर पणजोबांच्या काळचा शाप आहे आणि मुलाच्या फिट म्हणजे त्या शापाचे फळ आहे, असे त्याने सांगितले. त्यासाठी प्रार्थना केलेल्या तेलाची बाटली घ्यायची आणि अकरा शुक्रवार मुलाच्या कपाळाला लावायची. बाटलीचे पैसे नव्हते, पण ‘बीज पेरावे’ लागे. जितके पेराल त्याच्या शंभरपट उगवेल, असे तो म्हणे. मी कास्तकार आहे, बी दुसऱ्याच्या वावरात टाकून कोणी आपल्या पिकाची वाट पाहत नाही, हे मला कळायला हवे होते. पण घाबरलेल्या माणसाला स्वतःच्या धंद्याची अक्कलही वेळेवर आठवत नाही. मग रविवारच्या उपासनेला जाणे बंद झाले, कारण आमच्या जुन्या मंडळीत आत्मा नाही असे त्याचे म्हणणे होते. आणि जानेवारीत त्याने सांगितले, की गोळी चालू आहे तोवर देव काम करणार नाही, कारण गोळी म्हणजे अविश्वास.

मी गोळ्या बंद केल्या. बायको नको म्हणत होती, तरी मी तिला विश्वासात कमी आहेस असे म्हणालो. हे वाक्य माझे नव्हते, त्या सभेतून मी ते घरी आणले होते. उरलेली पाकिटे तिने फेकली नाहीत. फळीवर बायबलच्या मागे ठेवली होती, हे मला नंतर कळले.

फेब्रुवारीत एका रात्री मुलाला फिट आली आणि ती थांबेना. डोळे वर गेलेले, दातखीळ बसलेली, ओठ निळसर. मी त्याच्या कपाळाला तेल चोळत होतो आणि ओरडून येशूचे नाव घेत होतो. बायकोने माझ्या हातातली बाटली काढून घेतली, शेजाऱ्याला उठवले, आणि त्याच्या गाडीतून आम्ही मुलाला ग्रामीण रुग्णालयात नेले. तिथे इंजेक्शन दिल्यावर झटके थांबले. डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, “औषध कधी बंद केलं?” नंतर त्यांनी समजावून सांगितले, की फिटचे औषध असे एकाएकी तोडले तर एकामागून एक झटके येऊ शकतात आणि त्यात जीवही जातो.

सकाळी मी त्या सेवकाला फोन केला. मला वाटले होते तो मुलाची विचारपूस करील. तो म्हणाला, तुमच्या मनात संशय होता म्हणून सैतानाला दार मिळाले, आणि आता सभा सोडाल तर पोराचे रक्त तुमच्या माथी येईल. फोन ठेवल्यावर पहिल्यांदाच माझ्या मनात स्पष्ट शब्दांत प्रश्न उठला, की ज्याने मला स्वीकारले त्या प्रभूचा आवाज असा असतो काय?

एवढे कळले म्हणजे सुटका झाली, असे वाचकांनी समजू नये. मी सभेला जाणे थांबवले, पण भीती माझ्याबरोबर घरीच राहिली. मुलाने झोपेत कूस बदलली तरी मला त्या सेवकाचे वाक्य ऐकू येई. गोळी देताना हात थरथरे, जणू मीच काही पाप करत आहे. तेलाची बाटली गोठ्याच्या कोनाड्यात तशीच होती. ठेवायचीही भीती आणि फेकायचीही भीती. प्रभाव म्हणतात तो हाच.

आमच्या मंडळीत एक म्हातारी आजी आहेत, ज्यांनी तरुणपणी गावोगाव फिरून बायबल बाई म्हणून काम केले आहे. बायको मला त्यांच्याकडे घेऊन गेली. मी सगळे सांगितले. बायकोला मी काय बोललो तेही, तिच्यासमोरच, सांगितले. आजींनी लगेच प्रार्थना केली नाही. आधी त्यांनी बाटली मागवली, झाकण काढून वास घेतला आणि म्हणाल्या, “हे त खोबऱ्याचं तेल आहे, बापू. काहून भेतो रे?” त्यांनी ते तळहातावर ओतले आणि आपल्या पांढऱ्या केसांना चोळले. मी श्वास रोखून पाहत होतो. काही झाले नाही. मग त्यांनी बायकोला म्हटले, “माय, तू घे थोडं,” आणि तिनेही लावले. त्या क्षणी माझ्या छातीवरचे ओझे जितके हलके झाले, तितके पुढच्या कितीही संदेशांनी झाले नसते.

नंतर त्या मला वाचायला शिकवू लागल्या. वाचता मला येत होतेच, पण मी ओव्या वाचत होतो, अध्याय नव्हे. तो सेवक नेहमी एक ओवी उचलून देई. आजींचा नियम असा, की कोणी ओवी दिली तर तिच्या आधीचे आणि नंतरचे सगळे वाचल्याशिवाय ‘आमेन’ म्हणायचे नाही. अरण्यातल्या परीक्षेत सैतानाने येशूला 91 वे स्तोत्रच सांगितले होते, याची आठवण त्या करून देत. आईविषयी त्याने खरे सांगितले होते, हा काटा माझ्या मनात रुतून होता. त्यावर त्यांनी बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा 16 वा अध्याय उघडला. फिलिप्पै नगरातली भविष्य सांगणारी एक दासी प्रेषित पौलाविषयी जे ओरडत होती त्यात खोटे काहीच नव्हते, तरी तिच्यातला आत्मा देवाचा नव्हता आणि तिच्यावर तिचे धनी पैसा कमावत होते. जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या 13 व्या अध्यायात तर सांगितलेले चिन्ह खरे ठरले तरी तो संदेष्टा कोणीकडे नेतो ते पाहा, असे आहे. म्हणजे गोष्ट खरी निघणे ही परीक्षा नव्हेच. ती आपल्याला कोणाच्या हाती सोपवते, ही परीक्षा आहे. मला तिने देवाच्या हाती सोपवले नव्हते, त्या माणसाच्या हाती सोपवले होते.

सगळ्यांत जास्त दिवस आम्ही मार्कच्या नवव्या अध्यायापाशी थांबलो, कारण मला बांधले होते ते याच अध्यायाने. फिट येणाऱ्या मुलाची ती गोष्ट आहे, आणि त्यात दुष्ट आत्मा काढल्याचे स्पष्ट लिहिले आहे. आजींनी ते झाकले नाही. पण त्यांनी मला मत्तयाच्या 4 थ्या अध्यायातली 24 वी ओवी दाखवली, जिथे भूतग्रस्त आणि फेफरेकरी हे दोन शब्द वेगवेगळे आले आहेत. प्रत्येक फिट म्हणजे भूत, असे शास्त्र म्हणत नाही. यशया संदेष्ट्याने हिज्कीया राजाच्या गळवावर अंजिरांचा लेप लावायला सांगितला, पौलाच्या सोबत्यांत लूक हा वैद्य होता, तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घेण्याचा सल्ला दिला गेला. औषधाला अविश्वास म्हणणारा देव या पुस्तकात मला कुठे सापडला नाही. योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाविषयी शिष्यांनी विचारले, पाप याचे की आईबापांचे? येशूने दोन्ही नाकारले. माझ्या पणजोबांचा शाप त्या दिवशी माझ्यापुरता संपला.

आणि मार्कमध्ये मी तोवर कधी नीट न वाचलेली एक गोष्ट होती. येशू त्या बापाला विचारतो, की याला असे होऊन किती काळ झाला? डॉक्टरही हेच विचारतात. बाप रडून म्हणतो, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा. त्याच्या संशयासाठी येशू त्याला दोष देत नाही, त्याच्याकडून काही मागत नाही, मुलाला हात धरून उठवतो. मला सांगितले गेले होते की संशयामुळे माझा मुलगा आजारी पडला. इथे संशय कबूल करणाऱ्या बापाचा मुलगा बरा होत होता. मी हे वाचून बराच वेळ रडलो.

प्रतिकाराचा भाग त्या मानाने रोजच्या कामासारखा होता. व्हॉट्सॲपचा गट सोडला. त्याचे फोन आले की बायकोसमोर उचलायचे आणि बोलणे लगेच संपवायचे, असे ठरवले. वाद घातला की मी पुन्हा अडकत असे. पाळकसाहेबांना आणि मंडळीच्या वडीलमंडळींना सगळे सांगितले. लाज वाटली, पण सांगितल्यावर कळले की आणखी दोन घरांत तशाच बाटल्या होत्या. रात्री भीती आली की मी मोठ्याने सैतानाशी वाद करणारी प्रार्थना करत नसे. रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय वाचत असे, कधी दोनदा. मुलाला सेवाग्रामच्या रुग्णालयात दाखवले आणि गोळी ठरल्या वेळी, न चुकता सुरू झाली. आम्ही गोळीच्या आधी प्रार्थना करतो, गोळीच्या बदली नाही.

सैतान आहे, यावर माझा विश्वास आहे. पेत्राने त्याला गर्जणारा सिंह म्हटले आहे, आणि पौलाने म्हटले आहे की तो तेजस्वी देवदूताचे रूप घेतो. मी आयुष्यभर गर्जना ऐकायला कान लावून बसलो होतो, आणि म्हणून दुसरे रूप ओळखू शकलो नाही. आता कोणत्याही सभेत मी काही गोष्टींकडे लक्ष देतो. प्रश्न विचारणाऱ्याला तिथे काय म्हणतात? घरी परतताना माणसाच्या मनात शांती असते की धाक? तो आपल्या मंडळीच्या, बायकामुलांच्या, डॉक्टरच्या जवळ जातो की त्यांच्यापासून तुटतो? मला बायकोपासून तोडले जात होते, हे सर्वांत मोठे चिन्ह होते आणि तेच मी विश्वासाची किंमत समजत होतो.

तो सेवक आता आमच्या गावात येत नाही, पण शेजारच्या गावात येतो. तिथल्या एका घरात बाईची शुगरची गोळी बंद केली आहे, असे मागच्या महिन्यात कळले. मी आणि बायको तिथे गेलो. घरच्यांनी पाणी दिले, पण विषय काढताच ते गप्प झाले, आणि म्हातारे बाबा मला म्हणाले की तुमच्या मनात आत्म्याविरुद्ध कडवटपणा आहे. मला राग आला नाही, कारण वर्षभरापूर्वी मीही हेच बोललो असतो. तुरीची सोंगणी आटोपली की आम्ही पुन्हा जाणार आहोत, आणि या वेळी आजीही येतो म्हणाल्या आहेत.