मोझॅकच्या लाद्यांवर अटलांटिक : वाटू प्रोजेक्ट, तिसरा अपडेट

मंडळी, गेल्या दोन विकेंडला बरंच काम झालंय म्हणून सविस्तर लिहितोय. नवीन लोकांसाठी थोडक्यात : जानेवारी १९४२ मध्ये लिव्हरपूलच्या डर्बी हाऊसमध्ये ब्रिटिश नौदलाने वेस्टर्न अॅप्रोचेस टॅक्टिकल युनिट काढलं, शॉर्टमध्ये वाटू. टीबीमुळे नौकरी सुटलेला कॅप्टन गिल्बर्ट रॉबर्ट्स प्रमुख, आणि बाकी सगळा डोलारा रेन्स म्हणजे नौदलाच्या महिला दलातल्या तरुण मुलींवर. जर्मन यू-बोटी (पाणबुड्या) मालवाहू जहाजांचे ताफे बुडवत होत्या, त्यावर उपाय शोधायचा आणि एस्कॉर्ट म्हणजे ताफ्याची राखण करणाऱ्या जहाजांच्या ऑफिसरना शिकवायचा, तोही जमिनीवर खडूने गेम खेळून. तो गेम मला घरी उभा करायचाय.

आधी जमीन. त्यांच्याकडे ब्राऊन लिनोलियमवर १० इंचांवर पांढऱ्या रेघा होत्या, १० इंच म्हणजे १ सागरी मैल. आईबाबांच्या जुन्या फ्लॅटच्या हॉलमध्ये सहज टेप लावली तर मोझॅकची लादी बरोब्बर १० बाय १०! इतका आनंद झाला की त्याच दिवशी सोफा गॅलरीत नेऊन ठेवला.

पण एक घोळ झाला. वाटूमध्ये एस्कॉर्टचे मार्ग पांढऱ्या खडूने काढायचे आणि यू-बोटीचा हिरव्या, आणि खेळाडू कॅनव्हासच्या पडद्याला पाडलेल्या भोकातून तिरकं बघायचे त्यामुळे हिरवी रेघ त्यांना दिसायचीच नाही. आमच्या लादीत पांढरी खडी, त्यावर हिरवं लांबूनही चमकत होतं. शेवटी शाळेच्या पुस्तकांना कव्हर घालतो तो खाकी कागद, त्याचा आख्खा रोल आणून पसरला. खालच्या लाद्यांचे सांधे बोटाला लागतात, त्यावरूनच रेघा ओढल्या, पट्टी लागलीच नाही. आता ८-९ फुटांवरून हिरवी रेघ खरंच गायब होते.

पडदा म्हणजे कपडे वाळत घालायच्या दोरीवर जुनी जाड चादर, तिला चार फटी. एक टर्न म्हणजे २ मिनिटं, आणि ऑर्डर लिहून द्यायलाही २च मिनिटं (प्रशियाच्या राइसविट्झच्या १८२४ च्या क्रीगस्पील या युद्धखेळामध्येही टर्न २ मिनिटांचाच होता, मला हा धागा फार आवडतो). लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्यातून वेगाच्या पट्ट्या कापल्यात. कॉर्व्हेट (छोटं एस्कॉर्ट जहाज) १६ नॉट, म्हणजे तासाला १६ सागरी मैल, म्हणजे टर्नला ५.३ इंच, यू-बोट पाण्यावर १७ नॉट, ५.७ इंच. पट्ट्या शेजारी ठेवून बघा, शिकार शिकाऱ्यापेक्षा जोरात पळते! पाण्याखाली मात्र ७ नॉट, २.३ इंच, तेही बॅटरी संपवत, आणि ताफा मी साडेसात नॉटचा धरलाय म्हणजे अडीच इंच. बुडालेली बोट ताफ्यापेक्षा हळू, सगळं गणित या दोन आकड्यांच्या फटीत आहे.

परवा पहिला पूर्ण गेम झाला. भाचा एस्कॉर्ट कमांडर, मी यू-बोट, बायको खडू घेऊन जमिनीवर. भाचा हेक्सवाले (षटकोनी घरांच्या नकाशाचे) गेम आमच्यात सगळ्यात भारी खेळतो, एकेक घर मोजून. रात्रीचा सीन, तिसऱ्या रांगेतल्या जहाजाला टॉर्पेडो लागला एवढीच चिठ्ठी त्याला पडद्याआड गेली. दोन मिनिटं तो काही बोलला नाही, मग चारही कॉर्व्हेट बाहेरच्या बाजूला फुल स्पीडने सोडल्या. तीन टर्नमध्ये त्या १६ इंच लांब गेल्या. माझी बोट तेव्हा ताफ्याच्या रांगांमध्येच होती, मागून पाण्यावरून शिरलेली, टॉर्पेडो मारून मी नुसती बुडी मारली आणि ताफा डोक्यावरून जाऊ दिला. खेळ संपल्यावर चादर बाजूला करून तो त्या हिरव्या रेघेकडे बराच वेळ उकिडवा बसून बघत राहिला.

रॉबर्ट्सला नेमकं हेच जमिनीवर सापडलं होतं. बोट बाहेरून नाही तर आतून मारते, म्हणजे नंतर ती ताफ्याच्या मागे उरणार, तेव्हा एस्कॉर्टने मागे येऊन ओळीत अॅस्डिकने (आवाजाच्या लहरींनी पाणबुडी शोधणारं यंत्र, म्हणजे सोनार) शोधायचं. या डावाला जीन लेडलॉ या रेनने नाव दिलं रास्पबेरी. भाच्याला हे काहीच सांगितलं नव्हतं. दुसऱ्या गेमला त्याने स्वतःहून दोन कॉर्व्हेट मागे वळवल्या आणि चौथ्या टर्नला मला पकडलं. पट्टीने तीनदा मोजलं, बरोबर होतं.

म्हणून मला वाटतं की आपण हॉबीवाले मॅप, काउंटर (सोंगट्या), हेक्स याबद्दल खूप बोलतो आणि पडद्याबद्दल फारच कमी. आपल्या बहुतेक बोर्डवर दोघांनाही सगळं दिसतं. बाकी लष्करी गेम आणि आपली हॉबी यांच्यात देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी झालीय, अॅव्हलॉन हिल या बोर्डगेम कंपनीने १९६१ मध्ये रँड या अमेरिकन संशोधन संस्थेकडचं बघून हेक्स घेतले, आणि उलट ऑगस्ट १९९० मध्ये इराक कुवेतमध्ये घुसल्यावर पेंटागॉनने मार्क हर्मनचा दुकानात मिळणारा गल्फ स्ट्राइक हा बोर्डगेम वापरला. पण २ मिनिटं, चिठ्ठी आणि न दिसणारी रेघ, हे आपण घेतलंच नाही पुरेसं.

आता राहिलेलं काम : अॅस्डिकचा नियम अजून कच्चा आहे, सध्या पुठ्ठ्याचा त्रिकोण ठेवून आत असेल तर फासा टाकतो, आणि ताफ्याच्या ढवळलेल्या पाण्यात संपर्क तुटतो ते कसं दाखवायचं ते सुचत नाहीये. कुणी पाणबुडीचे गेम खेळत असाल तर प्लीज सांगा. पुढच्या रविवारी दोन यू-बोटी सोडणार आहे, दुसरी बायको चालवणार, आणि खाकी कागदाचा अजून एक रोल आणलाय.