आमची वाटचाल : फवारणीच्या टाकीपासून कायाकपर्यंत

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या आमच्या गाळ्यात आधी द्राक्षबागांसाठी फवारणीच्या टाक्या, कूलरच्या बॉड्या आणि मशीनची कव्हरं बनायची. फायबरचं जे सांगाल ते. टाकी जड निघाली की गिऱ्हाईक खूश, "माल भरपूर घातलाय!"

हीच सवय पुढे अंगाशी आली.

२०१६ मध्ये चांदवड तालुक्यातला दत्तू भोकनळ रिओ ऑलिंपिकला गेला आणि गाळ्यात बोटींच्या गप्पा सुरू झाल्या. (त्याचं रोइंग, म्हणजे पाठ पुढे करून वल्हवायचं. कायाक म्हणजे अरुंद, लांबट वल्ह्याची बोट, तिच्यात तोंड पुढे. हा फरक मलाही तेव्हाच कळला.) काही दिवसांनी गंगापूर धरणावरून एक फुटकी कायाक दुरुस्तीला आली. मी ती एका हाताने उचलली आणि गप्पच झालो. स्प्रिंट, म्हणजे कमी अंतराच्या वेगाच्या शर्यतीतल्या एकेरी कायाकचं वजन १२ किलोच्या खाली चालत नाही, असा आंतरराष्ट्रीय नियमच आहे. आम्ही हौसेने बनवलेली पहिली, तीही साधी फिरायची, भरली ३८ किलो.

चूक काचेच्या धाग्यांच्या कापडात शोधत बसलो. चूक रेझिनमध्ये, म्हणजे ते धागे चिकटवणाऱ्या पातळ रसायनात होती. हाताने रोलर फिरवून काम केलं की एक किलो मॅट (सुट्या धाग्यांची चटई) दोन-सव्वादोन किलो रेझिन पिते. ताकद काचेच्या धाग्याची. रेझिनने धागे जागेवर धरायचे, एवढंच. बाकीचं नुसतं ओझं. म्हणून मॅट कमी करून विणलेलं कापड घेतलं, वाण्याकडे असतो तसा वजनकाटा आणला आणि डबा मोजूनच हार्डनर (रेझिन घट्ट करणारं रसायन) घालायचा नियम केला.

नंतर व्हॅक्यूम. मोल्डवर, म्हणजे साच्यावर, कोरडं कापड, वर प्लास्टिकची पिशवी, हवा ओढली की रेझिन आपोआप आत सरकतं. पहिल्या वेळी पिशवी कुठेतरी गळत होती. आमचे मामा, सगळ्यात जुने कारागीर, गुडघ्यावर बसून कान लावत पूर्ण कडेने फिरले. "इथं सूं सूं आवाज करतंय बघा, शेठ." गळती सापडेपर्यंत बादलीतलं रेझिन तापून धुरावलं होतं. मे महिना होता, उकाड्यात रेझिन लवकर तापतं. हार्डनर कमी घालायला हवा होता, हे तेव्हा सुचलं नाही.

आता फिरायची कायाक २१ किलोत बसते. आसनाखाली फोमचा थर देतो. जाडी दुप्पट झाली की ताठपणा सात-आठपट होतो आणि फोम तर नावालाच वजनाचा. काचेऐवजी कार्बनचे धागे मागणारे बरेच येतात. मी खडकाळ नदीसाठी नको म्हणतो. कार्बन ताठ, पण आपटला की तडकतो. त्यापेक्षा आतून अरामिडचा (केव्हलरसारख्या चिवट धाग्याचा) एक थर बरा. त्याला कात्री लागत नाही, घासलं की कापसासारखं फुलतं, पोरं वैतागतात. पण बोट फाटत नाही.

टाक्या अजून बनवतो. त्यांना व्हॅक्यूम लावत नाही. हलकी टाकी दिली की दिंडोरीचे बागायतदार बोटांनी ठोकून बघतात आणि भाव पाडतात.